लंडनची जवळची वाट

डहाणू तालुक्यातल्या चिखल्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 110 किलोमीटर. जेट विमान एकदा उंचावर पोचलं की एवढं अंतर सात-आठ मिनिटांत कापतं. आपल्याला मात्र अहमदाबाद महामार्गाने तीन तास धरावे लागतात, आणि घोडबंदरच्या फाट्याला अडकलो तर देवच वाली. आकाशातही फार वेगळं नाही. अंतर भूगोल ठरवतो. वेळ भलतेच ठरवतात.

मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगाने आठ तास पुरायला हवेत. जाताना लागतात साडेनऊ-दहा, येताना त्याहून कमी.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती कुवेतच्या जवळून जाते. ती फसवी. पोरांचा पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर दाबा आणि दोरा ताणा. तो आपसूक उत्तरेला सरकतो: कराची, इराण, कास्पियन समुद्राची दक्षिण बाजू, काळा समुद्र, युक्रेन. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट हीच. तिला बृहद्‌वृत्त म्हणतात.

कराचीशी आपलं हवाई नातं जुनंच. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून जुहूला उतरले. थेट अंतर पावणेनऊशे किलोमीटर, पण वाटेत अहमदाबादला थांबून ते हजारावर गेलं. अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ मारा, ती आपल्या डहाणू तालुक्यावरूनच जाते. सकाळी निघालेले टाटा दुपारी पोचले.

आज लंडनची तीच जवळची वाट दोन ठिकाणी तुटली आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीत मज्जाव केला. मग वळसा, जादा इंधन, जादा वेळ. गणित चोख असून उपयोग काय?

उरलेला हिशेब वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात उत्तर भारत आणि इराणवर त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो. जमिनीवरून मोजलेला बदलतो.

लेकीला किंवा भाच्याला लंडनला सोडायला निघालात तर एक ध्यानात ठेवा: तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुपारी एकला सुटून साडेपाचला पोचणारं विमान साडेचार तासांत पोचत नाही. हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा, उन्हाळ्यात साडेचार.