पिल्लाची शिस्त, घराचे वेळापत्रक

पशुवैद्यक म्हणून यवतमाळ जिल्ह्यात काम करताना एक तक्रार मी नेहमी ऐकतो. "डॉक्टरसाहेब, पिल्लू गोड आहे, पण घरभर घाण करते जी!" तक्रार साधी असली तरी तिचा शेवट कधी कधी वाईट होतो. कंटाळलेले लोक पिल्लू गावाबाहेर सोडून येतात. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावर पोट भरता येत नाही. जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. म्हणून श्रोतेहो, या विषयावर आज थोडे सविस्तर बोलू या.

कुत्रा मुळात घाणेरडा नाही. जन्मानंतर सुमारे तीन आठवडे आईच पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवते. चालता येऊ लागले की पिल्ले झोपायची जागा सोडून दूर जाऊन विधी उरकतात. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास कुठल्या जमिनीवर बसायचे, ही सवय पक्की होऊ लागते. आपण पिल्लू आणतो ते साधारण याच वयात. तेव्हा त्याला अंगणातली माती मिळाली तर मातीची सवय लागते, फरशी मिळाली तर फरशीची.

दुसरा मुद्दा वेळेचा. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते लघवी रोखू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास, आणि खेळताना त्याहूनही कमी. म्हणून झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला बाहेर न्या. जागा रोज एकच ठेवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्री फिरतात तिथे नेऊ नका. पार्व्होचा संसर्ग जिवावर बेततो. विधी उरकताच तिथल्या तिथे शाबासकी आणि पोळीचा तुकडा द्या. घरात आल्यावर दिलेले बक्षीस कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

मारण्याचेही तसेच. घाणीत नाक घासल्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर बसणे धोक्याचे. मग ते दिवाणाखाली लपून घाण करते. "त्याला चूक कळते, बघा कसे तोंड पाडून बसले," असे लोक म्हणतात. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासले. कुत्र्याने आगळीक केलेली असो वा नसो, मालक रागावला की ते तसा चेहरा करते, असे त्यांना आढळले.

घरात चुकून झालेच तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा. फिनाइलचा वास आपल्याला पुरतो. कुत्र्याच्या नाकाला त्याखालचाही वास येतो आणि ते पुन्हा तिथेच बसते. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, म्हणून अमोनियायुक्त द्रव वापरू नका. पाणी घातलेले व्हिनेगर चालते, पण शहाबादी किंवा कडप्प्यावर ते डाग पाडते. तिथे एन्झाइमचे क्लीनर बरे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी अंगण तापते. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर पिल्लाच्या पायांनाही सोसणार नाही. त्या वेळी कडुनिंबाच्या सावलीतली ओली माती वापरा. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी मात्र कधीही तोडू नका. पावसाळ्यात पिल्लू बाहेर जायला कुरकुरते. अशा वेळी छपराखालचा मातीचा एखादा कोपरा ठरवून ठेवा.

बहुतेक पिल्ले चार-सहा महिन्यांत शिकतात. शिकलेला कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर त्याला रागावू नका, दवाखान्यात आणा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेहही असू शकतो. एरवी पिल्लू चुकले, तर आधी घड्याळ पाहा. बाहेर नेण्याची वेळ बहुधा आपणच चुकवलेली असते.