जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स दुसऱ्या पिकअपला बसवताना

चौदा आणे तयार झालेला हापूस पेटीत भरला की त्याला थांबायला वेळ नसतो. गाडी आंबा घाटात किंवा कशेडीला अडकली, तर वर्षभराची फवारणी आणि राखण एका रात्रीत पाण्यात जाते. रत्नागिरी जिल्ह्यात बऱ्याच वाड्यांवर एक चालती आणि एक बंद अशा दोन जुन्या पिकअप दिसतात. बंद गाडीचा गिअरबॉक्स चालत्या गाडीला बसवावा, हा विचार योग्य आहे. मात्र तो विचारपूर्वक अंमलात आणावा.

परदेशातील अनेक पिकअपना आपोआप गिअर बदलणारी पेटी असते. ती बदलताना तेलाचा कन्व्हर्टर, तेल थंड करण्याच्या नळ्या, कधी संगणकही जुळवावा लागतो. आपल्या मालवाहू गाड्यांना बहुतांशी हाताने बदलायचे गिअर असतात. त्यामुळे काम सोपे आहे, पण अगदीच सोपे नाही.

प्रथम दोष खरोखर गिअरबॉक्सचाच आहे का, हे पाहावे. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही आणि बंद केल्यावर सहज पडतो, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नसतो. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्समधील बेअरिंग संशयास्पद समजावे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. घाट उतरताना गिअर आपोआप निसटणे हे मात्र आतील दातांची झीज झाल्याचे लक्षण असू शकते. पण त्याआधी गिअरबॉक्सचे माउंटिंग ढिले नाही ना, ते तपासावे.

बंद गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ भांड्यात काढावे. पिवळसर चमक दिसली तर सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा झिजल्या आहेत. लोखंडाचे तुकडे आढळल्यास तो गिअरबॉक्स न उघडता बसवू नये. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य वाहने बुडाली होती. अशा गाडीत हवा जाण्याच्या छिद्रातून पाणी शिरते आणि बेअरिंग आतून गंजतात. बाहेरून काहीच कळत नाही. भंगारातून घेताना हे विसरू नये आणि पावती अवश्य घ्यावी.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आहेत एवढ्यावर विसंबू नये. पुढच्या शाफ्टच्या खाचा, त्याची जाडी व लांबी, बेल हाउसिंगची भोके आणि गिअरबॉक्सची एकूण लांबी मोजावी. चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बसवल्यास प्रॉपेलर शाफ्ट लहान करावा लागू शकतो. पहिल्या गिअरचे प्रमाणही पाहावे. दोन्ही गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाकून, मागचा शाफ्ट एक फेरा फिरेपर्यंत पुढचा किती फेरे घेतो ते खडूची खूण करून मोजावे. फेरे कमी भरले तर भरलेली गाडी चढाला दम टाकील.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर कधीही उचलून ठेवू नये. आपल्याकडे चिरे हाताशी असतात म्हणून ही सवय पडली आहे, पण एका कोपऱ्यावर भार आला की चिरा अचानक फुटतो आणि खाली माणूस असतो. सपाट जागी, चाकांना अडण लावून, लोखंडी घोड्यांवरच गाडी घ्यावी. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये. बॅटरीची तार प्रथम काढावी.

प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पंचाने खूण करावी. उलटा बसला तर गाडी थरथरते. इंजिनला मागून लाकडी फळीचा आधार द्यावा. नवा गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये. प्लेट मध्यावर आणण्यास निकामी गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट उपयोगी पडतो. गिअरबॉक्स हाताने सरकून पूर्ण भिडला पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घेतल्यास हाउसिंगचा कान तुटतो, आणि मग दोन्ही गाड्या बंद पडतात!

एवढे उघडलेच आहे तर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग आणि इंजिनचे मागचे ऑइल सील नवीन घालावे. येथे काटकसर करू नये. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच, बाजूच्या बुचापर्यंत भरावे.

नोंदणी पुस्तकात चॅसिस व इंजिन क्रमांक असतात, त्यामुळे त्याच प्रकारचा गिअरबॉक्स घातल्याने त्या नोंदी बदलत नाहीत. इंजिन बदलल्यास मात्र परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. बंद गाडी कायमची मोडीत काढली असल्यास तसे १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी.

हे काम आंबा संपल्यावर किंवा दिवाळीच्या सुमारास काढावे, मार्चमध्ये नव्हे. पहिल्या दिवशी रिकामी गाडी सपाटीवर, नंतर निम्मा भार घेऊन जवळच्या चढावर चालवावी व परतल्यावर खाली तेलाचे थेंब पडतात का ते पाहावे. काही आठवड्यांनी तेल पुन्हा काढून त्यात लोहचुंबक फिरवावे.