दम्याची गोळी आणि तीन बुध्या

सकाळी ८.
जव्हारहून मोखाड्याकडे येणाऱ्या एसटीतून उतरतो आणि आरोग्य केंद्रातल्या औषधखोलीचे कुलूप काढतो. कागदावर मी औषधनिर्माण अधिकारी, लोकांसाठी मात्र कंपाउंडरच. फ्रिजचे तापमान वहीत लिहायचे, मग दम्याचे पंप मोजायचे. उन्हाळा आहे. पाड्यापाड्यांवर राब भाजणे चालू आहे, वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे परतू लागली आहेत. धुराने धाप लागलेली माणसे येणारच.

८.३०.
‘बुध्या’ अशी हाक दिली की बाकावरून तिघे उठतात. बुधवारी जन्मला तो बुध्या, सोमवारचा सोम्या, शुक्रवारची शुक्री. वारली-कातकऱ्यांतली ही जुनी रीत. पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या वडिलांचे नावही सोमाच. आता नातवंडे रुद्र आणि आरोही झाली. एखाद्या बुध्याचा आधार कार्डावर बुधाजी होतो, पण जुन्या केसपेपरवर तो बुध्याच राहतो. म्हणून बापाचे नाव आणि पाडा विचारल्याशिवाय मी गोळी हातावर ठेवत नाही.

१०.
एक सोम्याबाबा कनवटीची पुरचुंडी सोडतात. आत डेरिफायलिनची चुरगळलेली पट्टी.

“हीच दे. पंप नको.”

या गोळीत दोन औषधे: इटोफायलिन ७७ मिलिग्रॅम, थिओफायलिन २३. थिओफायलिन हे नावच चहाच्या पानावरून पडले; शास्त्रज्ञ कोसेल यांनी ते १८८८ मध्ये चहाच्या पानांतूनच वेगळे केले. याआधीच्या पिढीतल्या गोळ्यांत थिओफायलिन, इफेड्रिन आणि फेनोबार्बिटोन हे त्रिकूट असे. इफेड्रिनने छाती धडधडते, झोप उडते, म्हणून वर गुंगीचे औषध. एका औषधाचा त्रास झाकायला दुसरे घालायचे, ही रीत मला कधीच पटली नाही. फेनोबार्बिटोन आणि दम्याचे औषध एकत्र असलेल्या गोळ्यांवर आपल्याकडे बंदी आहे, हे बरेच झाले. इफेड्रिन जिच्यातून मिळते ती इफेड्रा म्हणजेच वेदांतली सोमवल्ली, असेही काही अभ्यासक मानतात. आमच्या बाबांचा सोम मात्र सोमवारचा.

बाबांच्या पुरचुंडीत दुसरी पट्टीही निघते, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची. भट्टीजवळच्या दुकानातून तापासाठी घेतलेली. खरा घोळ इथे आहे. सिप्रोमुळे थिओफायलिन रक्तात साठत जाते. आधी उलट्या आणि धडधड, वाढले तर झटके. कामाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. बिडीचाही घोळ असतो, पण उलटा. बिडी ओढणाऱ्याच्या अंगातून हे औषध लवकर निघून जाते. बिडी अचानक सुटली की तीच मात्रा जास्त ठरते.

“बाबा, उलटी झाली का?”

“काल दोनदा.”

दोन्ही पट्ट्या घेऊन मी बाबांना लगेच डॉक्टरांकडे नेतो.

१२.
पंप कसा ओढायचा, हे शिकवणे. पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचे पोकळ स्पेसर संपले की अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून फट बुजवायची. दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बायका बाटली बघून हसतात, पण घेऊन जातात.

दुपार.
डबा, साठ्याची नोंद, मागणीपत्र.

५.
शेवटची जीप निघायच्या आधी बाकावरच्या सगळ्यांना सांगतो, तेच तुम्हालाही सांगतो: घरात दम्याचे जुने दुखणे असेल, तर रिकाम्या पट्ट्या चुलीत टाकू नका. कुठल्याही दुखण्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा त्या सोबत न्या, आणि बिडी सोडली असेल तर तेही सांगा.