नदीची बाजू कोण मांडणार? (लेखांक ६)

देवळातली मूर्ती कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ असते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. तिच्या नावावर जमीन असते, तिला दावा लावता येतो. मात्र कोर्टात तिच्या वतीने कोणीतरी हाडामांसाचा माणूस उभा राहावा लागतो. नदीचं काय? त्यासाठी आज जबलपूरच्या राइट टाउनमध्ये जाऊ.

गोलबाजाराशेजारच्या या वस्तीत अमृतलाल वेगड राहत. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेला हा चित्रकार 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेच्या काठाने चालू लागला. तेही सवडीप्रमाणे, तुकड्यातुकड्यांनी. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला. पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा निघाले, तेव्हा पत्नीही सोबत होत्या. पुण्यसंचयापेक्षा त्यांना नदीच्या रूपाची ओढ होती, आणि मला तीच भक्ती जास्त खरी वाटते.

परिक्रमेचे नियम आपल्याकडच्या अनेक घरांत पाठ असतात. मैया कायम उजव्या हाताला. पात्र ओलांडायचं नाही. मुखापाशी नाव करून समुद्रातून पलीकडे जायचं. झोळीतल्या कुपीत नर्मदेचं जल, त्याची रोज पूजा. हे सगळे नियम माणसाला बांधतात. नदीकडून काहीच मागत नाहीत. हक्कांची भाषा फार उशिरा आली, मर्यादेची मात्र आधीपासून होती.

पण ही मर्यादा फक्त चालणाऱ्यापुरती. वेगडांनी 1977 मध्ये तुडवलेल्या वाटेचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली गेला. 162 गावं बाधित झाली. विस्थापितांनी निदान मोर्चे तरी काढले; नदीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

3 मे 2017 रोजी मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला ‘जीवित इकाई’ मानण्याचा ठराव केला. वेगड तेव्हा हयात होते. पुढच्या वर्षी जुलैत ते गेले. ठराव ऐकायला गोड, पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ग्वारीघाटावर द्रोणातला दिवा सोडणाऱ्यालाही आणि नाल्याचं तोंड पात्रात उघडणाऱ्यालाही त्याने काही फरक पडत नाही.

2017 च्याच मार्चमध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनांना व्यक्ती ठरवलं आणि मुख्य सचिवांसह सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमलं. राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं. नदी अनेक राज्यांतून वाहते, मग एकट्या उत्तराखंडाने जबाबदारी कशी घ्यायची? पुरात कोणाचं घर वाहून गेलं तर भरपाईचा दावा नदीवर, म्हणजे पालकावर लागणार का? जुलैमध्ये निकालाला स्थगिती मिळाली. शंका अगदीच पोकळ नव्हत्या, पण गोम वेगळीच आहे: नाले सोडू देणारं सरकार आणि नदीचा पालक एकच असेल, तर पालकाने दावा कोणावर लावायचा?

न्यूझीलंडने त्याच मार्चमध्ये वांगानुई नदीसाठी कायदा केला, तेव्हा पालक दोन ठेवले. एक सरकारने नेमलेला, दुसरा काठावरच्या माओरी लोकांनी. ती जोडी कशी चालते, ते पुढच्या लेखांकात.