फाइली आल्या, पण संगणक सुरू होईना!

मेहकर किंवा चिखली तालुक्यातील एखाद्या शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. संगणक चांगला आहे, पण हार्ड डिस्क भरली आहे. शाळेने नवी, मोठी डिस्क आणली. जुन्या डिस्कवरील सर्व फाइली तिच्यावर उतरवून घेतल्या, जुनी काढून नवी बसवली आणि बटण दाबले. पडद्यावर सूचना आली, ‘सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही.’ मग मागे राहिले तरी काय?

याचे उत्तर संगणक सुरू कसा होतो यात दडले आहे. वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम चालवू लागतो. त्याला बायोस म्हणतात. त्याला विंडोज किंवा लिनक्स यांची काहीच ओळख नसते. डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा आणि तेथील आज्ञा पाळायच्या, एवढेच तो जाणतो. हा सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइटांत पुढची वाट दाखवणारा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत डिस्कचे भाग कोठून सुरू होतात याचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत एक ठरावीक खूण असते. हा सेक्टर कोणत्याही फाइलीचा भाग नसतो. त्यामुळे फाइलींची नक्कल करताना तो मागेच राहतो.

अलीकडच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. तेथे सुरुवातीचा प्रोग्रॅम डिस्कच्या एका छोट्या, एरवी न दिसणाऱ्या भागात असतो. ‘सी’ भागातील फाइली उतरवल्या तरी हा भाग येत नाही.

म्हणूनच फाइलींची नव्हे, तर संपूर्ण डिस्कची सेक्टरवार नक्कल करावी लागते. याला क्लोनिंग म्हणतात. मात्र भागांचा तक्ताही जसाच्या तसा येत असल्याने नव्या डिस्कवरील जादा जागा रिकामीच पडून राहते. नंतर भागाची हद्द वाढवावी लागते.

डिस्क फार मोठी असेल तर आणखी एक अडचण येते. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. म्हणजे क्रमांक जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ इतके. याला ५१२ ने गुणून पाहा. उत्तर सुमारे २ लाख २० हजार कोटी बाइट, म्हणजेच २ टेराबाइट. त्यापलीकडची जागा या तक्त्याला दाखवताच येत नाही. त्यासाठी ६४ बिटांचे क्रमांक वापरणारा जीपीटी हा नवा तक्ता लागतो. विद्यार्थ्यांना घातांकांचा उपयोग दाखवायला हे उत्तम उदाहरण आहे.

प्रत्यक्ष काम करताना सर्वांत मोठा धोका दिशेचा असतो. ‘कोठून’ आणि ‘कोठे’ यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि गुणपत्रके, प्रवेशाच्या नोंदी सारे नाहीसे होते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आधी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. दोन्ही डिस्कांचा आकार आणि क्रमांक कागदावर लिहून मगच आज्ञा द्यावी. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कांचे ओळखचिन्ह एकच असते. संगणकाचा गोंधळ होऊ नये म्हणून पहिल्यांदा फक्त नवी डिस्क जोडून तो सुरू करावा. जुनी डिस्क लगेच पुसू नये. नवी काही आठवडे नीट चालेपर्यंत ती तशीच कपाटात ठेवावी.