जाहिरातीत कोण दिसत नाही?

मुलांनो, साबणाची रिकामी वेष्टनं, बिस्किटांचे पुडे, जुनी मासिकं रद्दीत टाकू नका बरं का! जगातलं एक गाजलेलं चित्र अशाच कापलेल्या कागदांतून तयार झालंय.

१९५६ साली लंडनमधल्या एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने अमेरिकन मासिकांतली चित्रं कापली आणि त्यांतून एक दिवाणखाना सजवला. त्यात टीव्ही, टेपरेकॉर्डर, टेबलावर मांसाचा डबा आणि दिव्याच्या शेडवर चक्क मोटार कंपनीचं बोधचिन्ह! पुढे एक पीळदार पहिलवान, हातात भलंमोठं लॉलिपॉप, त्यावर अक्षरं 'पॉप'. चित्राची उंची जेमतेम २६ सेंटिमीटर. अशा चिकटवून केलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. आणि जाहिराती, डबे, सिनेमे यांच्यातून घडलेल्या कलेला पॉप आर्ट.

एकेकटी जाहिरात सांगते, 'हे घ्या, सुखी व्हा.' पण सगळ्या जाहिराती एका खोलीत कोंबल्या की हसू येतं. वाटतं, एवढ्या वस्तू घेतल्या, आता माणसांनी बसायचं कुठे?

आपल्या जवळचीच एक गोष्ट ऐका. चिंचवडहून लोकलने लोणावळ्याकडे निघालात, की लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन लागतं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे या मळवलीजवळ आला. तिथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघरी पोचली. व्यापाऱ्यांनी बरोबर ओळखलं, की देवाच्या चित्राखाली आपलं नाव छापलं, तर कॅलेंडर वर्षभर भिंतीवरून उतरत नाही! बायकांनी मात्र अशा छापील देवींना जरी, टिकल्या, मणी चिकटवले. हजारो सारख्या चित्रांतलं आपल्या घरचं चित्र निराळं झालं. मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर यांनी तर १९६०च्या दशकात देवांची छापील चित्रं कापून कोलाज केले.

आता तुमची पाळी. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात गाड्या बनतात, त्यांचे सुटे भाग बनतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा कारखान्यात पाळीला जातात. गाडीच्या जाहिरातीत चकचकीत गाडी असते, मोकळा रस्ता असतो, हसरं कुटुंब असतं. पण रात्रपाळी करून डोळे चोळत घरी येणारा माणूस असतो का? जेवणाचा डबा, कामाचे बूट?

एक जाहिरात कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. मग तिच्यात जे दिसत नाही, ते शोधून तिच्याशेजारी चिकटवा. नाही सापडलं, तर स्वतः काढा. आणि आई-बाबांना दाखवायला विसरू नका हं!