जोडचित्रांतील दरी

सन 1861 च्या उन्हाळ्यात कार्लटन वॉटकिन्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा छायाचित्रकार काचा, रसायने आणि काळोखा तंबू असा सारा सरंजाम खेचरांवर लादून कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत उतरला, आणि परतताना त्याने 18 बाय 22 इंचांच्या 30 भव्य काचांबरोबर सुमारे 100 जोडचित्रेही, म्हणजे दोन डोळ्यांसाठी शेजारी शेजारी मांडलेल्या दोन चित्रांच्या जोड्याही, आणली. भव्य चित्रांचा गौरव पुष्कळ झाला. जोडचित्रांची मात्र उपेक्षा झाली, आणि तो अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्यास दिसणारे दृश्य किंचित निराळे असते, आणि त्या निराळेपणातूनच मनाला खोलीची प्रतीती येते, हे चार्ल्स व्हीटस्टन याने 1838 साली, म्हणजे छायाचित्रणाचा शोध जाहीर होण्यापूर्वीच, आरसे व रेखाकृती यांच्या साह्याने सिद्ध केले होते. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने अशी जोडचित्रे पाहण्यासाठी भिंगांची सुटसुटीत पेटी, म्हणजे स्टिरिओस्कोप, योजली, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरली, आणि स्टिरिओस्कोप घरोघरच्या दिवाणखान्यांत जाऊन पोहोचला.

निसर्गदृश्य टिपणाऱ्यापुढे मात्र मोठा पेच होता. दूरच्या डोंगराचे दर्शन दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखेच होत असल्याने एकटा कडा, मग तो एल कॅपिटानसारखा 3,000 फूट उंच का असेना, भिंगांतूनही सपाटच दिसतो. म्हणून पुढ्यात एखादा खडक, ओंडका वा फांदी येईल अशी जागा हेरावी लागे, आणि त्यानंतर काचेवर दिलेला कोलोडियन या रसायनाचा ओला थर वाळण्याच्या आत चित्र घेऊन ते धुण्याची घाई असे.

अशा जोडचित्राचे कार्ड स्टिरिओस्कोपच्या भिंगांपुढे धरले की आरंभी दोन तपकिरी चौकोन दिसतात, ते क्षणभर एकमेकांवर हेलकावतात, आणि मग अकस्मात फांदी पुढे येते, तिच्यामागे पाणी पसरते, पाण्यापलीकडे कडा मागे हटतो. रंगभूमीवर एकामागे एक सोडलेल्या पडद्यांसारखे हे स्तर सुटे भासतात खरे. तथापि त्यांच्यामधली पोकळी, जी कोणत्याही एका चित्रात उमटलेली नसते, ती पाहणाराच निर्माण करतो, आणि या कलेचे सारे वैभव तिच्यातच आहे.

ग्रंथांतून पुष्कळदा या जोडीतील एकच चित्र छापले जाते, आणि मग पुढ्यातली ती फांदी रचनेतला दोष वाटू लागते. दोन्ही चित्रे मूळ मापात शेजारी शेजारी छापावीत. साधी भिंगे लावूनही वाचकाला ती दरी पाहता येईल.